सिमेंटवाले अंतुले आणि निराधारांचे अंतुले

पोस्ट जरा लांबलीय. सवडीनं वाचा.

परवा संत तुकाराम नगरात एका बँकेबाहेर उभा होतो. रांगेत एक आजी होत्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. मला म्हणाल्या, "बाळा, संजय गांधीचे आले का बघ की." पैसे जमा झाले होते, दीड हजार. मी सहज विचारलं, "आजी, ही योजना कुणी आणली माहितीय?" त्या म्हणाल्या, "सरकारनं. अजून कुणी?"

आणली बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला अंतुले शिकवले ते सिमेंट घोटाळ्याच्या धड्यात. बातमीनं मुख्यमंत्री कसा घालवला, त्याचं उदाहरण म्हणून. निराधार योजनेचा त्यात शब्द नव्हता. पुढं वॉर्डांतल्या बातम्या करताना महिन्या-महिन्याला ही रांग दिसायला लागली, तेव्हा कळलं की आपण अर्धाच माणूस शिकलो.

अंतुले रायगडातल्या आंबेतचे. आणीबाणीतही आणि पडत्या काळातही इंदिरा गांधींच्या मागं राहिलेले. जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले, महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्याच महिन्यात संजय गांधी विमान अपघातात गेले आणि त्यांच्या नावानं निराधार अनुदान योजना आली. छोट्या शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली. कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले. लंडनहून भवानी तलवार आणायची घोषणा झाली, ती काही आली नाही. पण निर्णयाला वेळ लावायचा नाही, ही त्यांची ख्याती.

आता दुसरी बाजू. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. पोतं हवं तर परमिट हवं. आमच्या बिल्डिंगमधले एक काका कंपनीतून रिटायर झालेत. गावाकडं दोन खोल्या बांधायला दहा पोत्यांच्या परमिटसाठी त्यांनी तहसीलला किती खेटे घातले, ते अजून सांगतात. उरलेलं सिमेंट काळ्या बाजारातून घेतलं.

अशा टंचाईत बिल्डरांना जादा कोटा मिळत होता आणि मुख्यमंत्र्यांनी काढलेल्या ट्रस्टांना त्यांच्याकडून देणग्या मिळत होत्या. त्यातल्या एका ट्रस्टचं नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी हे छापलं. प. बा. सामंत हायकोर्टात गेले. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निकाल दिला. अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं. जेमतेम दीड वर्षाची कारकीर्द.

पुढं भाजपच्या रामदास नायकांनी फौजदारी खटला चालवला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत इतक्या वेळा गेला की वकिलीची पोरं अजून 'अंतुले खटला' वाचतात. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं कोर्टाचाच आधीचा आदेश बहुमतानं फिरवला. शिक्षा शेवटपर्यंत झाली नाही. माणूस मात्र परत आला. १९८९ ला खासदार, पुढं केंद्रात आरोग्यमंत्री, २००६ ला अल्पसंख्याक खात्याचा मंत्री. २००८ मध्ये करकरेंच्या मृत्यूवर शंका काढून पुन्हा वादळ उठवलं. २००९ ला हरले, डिसेंबर २०१४ मध्ये गेले.

मग हा माणूस कसा लिहायचा? चहाच्या टपरीवर उत्तर ठरलेलं असतं, "खाल्लं, पण कामं केली ना!" मला हे पटत नाही.

ट्रस्टही लोककल्याणासाठीच आहेत, असं सांगितलं जायचं. फरक वेगळाच आहे. निराधारांचे पैसे तिजोरीतून आले, नियमानं आले. उत्पन्नाची अट, अर्ज, समिती, यादी. बसत असाल तर हक्क. म्हणून मुख्यमंत्री गेला, सरकारं बदलली, तरी योजना राहिली. देणग्यांचं काम मर्जीवर होतं. तू मला दे, मी तुला देतो. कोर्टानं बोट ठेवलं आणि खुर्ची कोसळली. आणि बिल्डरनं दिलेली देणगी काय त्याच्या खिशातून गेली? ती फ्लॅट घेणाऱ्याच्या किमतीत धरली गेली असणार. टंचाईचा भुर्दंड काकांसारख्यांनीच भरला.

अंतुल्यांचा दोष बारीक नव्हता आणि त्यांचं काम खोटं नव्हतं. दोन्ही एकाच सहीचे. एकानं दुसरं धुऊन निघत नाही, एवढंच.

हे आज का लिहिलं? आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये गटाराच्या झाकणापासून बागेतल्या बाकड्यापर्यंत 'अमुक भाऊंच्या प्रयत्नातून' असा बोर्ड लागतो. पैसा करदात्यांचा, फोटो भाऊंचा. पुढच्या वेळी बोर्ड दिसला की एवढंच विचारा: भाऊ उद्या नसले, तर हे मिळणार का?

त्या आजींना अंतुल्यांचं नाव माहीत नाही. आधी मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, योजनेला याहून मोठं सर्टिफिकेट नाही. कुणाला नमस्कार न घालता त्या पासबुक पिशवीत ठेवून घरी गेल्या.