मेटॅलोसिस

शरीरात बसवलेल्या धातूच्या कृत्रिम सांध्याची झीज होऊन सुटलेले कण भोवतालच्या ऊतींत साचल्याने होणारी विकृती. खुब्याच्या सांध्यातील गोळा व वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची असल्यास घर्षणाने सूक्ष्म कण सुटतात व त्यांचे आयन रक्तात मिसळतात. त्यामुळे सांध्याभोवती सूज, वेदना, ऊतिनाश आणि हाडाची झीज होते. रक्तातील कोबाल्ट फार वाढल्यास हृदयस्नायू, अवटू ग्रंथी, दृष्टी व श्रवण यांना इजा होऊ शकते. बाधा बराच काळ लक्षणांविना राहू शकते. निदानासाठी रक्तातील धातूंचे प्रमाण व एमआरआय तपासतात. गंभीर बाधेत सांधा बदलावा लागतो.

जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीने धातूचाच गोळा व वाटी असलेला आपला ‘एएसआर’ हा खुब्याचा कृत्रिम सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. तोवर भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. पुढे २०१८ मध्ये बाधितांसाठी अपंगत्व व वयानुसार सुमारे ३० लाख ते १.२३ कोटी रुपये भरपाईचे सूत्र ठरवण्यात आले.