इंजिन बदललं, गाडी तीच

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणं हा हल्ली परदेशी व्हिडिओंमुळे ओळखीचा झालेला छंद आहे. बंगल्याशेजारी गॅरेज, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने, शनिवार-रविवारची निवांत सवड. गिरगाव किंवा लालबागच्या चाळीत हे चित्र बसत नाही. जिथे माणसांनाच दहा बाय बाराची खोली, तिथे गाडीला कुठली? तरीही इंजिनबदलाचा या शहराचा इतिहास मोठा आहे. तो रस्त्याच्या कडेला घडला आणि हौसेपेक्षा पोटासाठी घडला.

मुंबईची 'फियाट' आधी समजून घेऊ. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग फियाट आली. 1964 ची 1100 डिलाइट, त्यानंतर प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. पाट्या बदलल्या, पण 1089 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन तेच राहिलं. लायसन्स राजच्या काळात नव्या गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे हाती असलेली गाडी मरू न देणं हाच व्यवहार होता.

शरीर जुनं आणि काळीज नवं, ही युक्ती खुद्द कंपन्यांनीही वापरली. 1985 साली प्रीमियरनं 118 एनई आणली. तिचा सांगाडा साठच्या दशकातल्या फियाट 124 चा आणि इंजिन निस्सानचं, 1171 सीसीचं. नव्वदच्या दशकात पद्मिनीत डिझेल इंजिन बसवून 137 डी आली. तिकडे अँबेसेडरलाही इसुझूचं इंजिन मिळालं. या सगळ्यांना आपण 'नवीन मॉडेल' म्हणालो. गल्लीतल्या मिस्त्रीनं भंगारातून आणलेल्या इंजिनावर तेच केलं, तेव्हा मात्र त्याला 'जुगाड' म्हणालो.

त्या जुगाडामागे साधा हिशोब होता. 1973 नंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि पेट्रोल पिणाऱ्या अवजड अमेरिकन गाड्या पोसणं कठीण झालं. डिझेल स्वस्त होतं. मग त्या गाड्यांमध्ये डिझेल इंजिनं चढली, पुढे काही टॅक्सींतही चढली. मी परळचा. आमच्या भागात गिरणीच्या वर्कशॉपमध्ये हात बसलेले फिटर, टर्नर होते. 1982 चा संप मोडल्यावर त्यांतल्या काहींना गॅरेजनं पोटाला लावलं. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नसली की मधे लागणारी पोलादी प्लेट लेथवर कातून देणं त्यांना अवघड नव्हतं. पार्ट ऑपेरा हाउसच्या दुकानांतून किंवा कुर्ल्याच्या भंगारातून यायचे. झाडाला किंवा लोखंडी तिकाटण्याला चेन-पुली टांगून इंजिन उचललं जायचं. धंदा बंद ठेवणं परवडत नसल्यानं काम उरकायची घाई असायची.

नंतर हिशोब पुन्हा उलटला. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 1999 पासून दिलेल्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळावं लागलं. शहराची हवा सुधारायला ते गरजेचंच होतं. पण सीएनजीला पेटवायला ठिणगी लागते, डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. म्हणजे ज्यानं डिझेल बसवलं होतं, त्याला परत पेट्रोल इंजिन शोधणं आलं. डिकीत सिलिंडर आला, सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. मुंबईकराला आठवते ती काळी-पिवळी हीच.

आज कोणाला पद्मिनीत आधुनिक इंजिन बसवायचं असेल, तर प्रश्न फक्त ताकदीचा नाही. मारुती एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन पंच्याऐंशी हॉर्सपॉवरचं, म्हणजे मूळच्या जवळपास दुप्पट. पण एस्टीमची पुढची चाकं ओढतात, पद्मिनीची मागची ढकलतात. म्हणून त्याच जातीचं, पण उभं बसवलेलं जिप्सीचं इंजिन गिअरबॉक्ससह घेणं किंवा मागची चाकं फिरवणाऱ्या ईकोकडे वळणं सोयीचं. मग प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करायचा, इंजेक्शनसाठी जास्त दाबाचा पेट्रोल पंप लावायचा, कॉम्प्युटरची वायरिंग ओढायची. सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रमच. पळण्याआधी थांबण्याची सोय करायची, हे कुठलाही जुना मिस्त्री सांगेल.

इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की, कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसी बुकातला तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकानं करू नये. सीएनजीसारख्या इंधनबदलाच्या किटला अटींसह वाट आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं ही सावधगिरी मला पटते. दुसऱ्याच्या जिवाशी खेळणारं वेल्डिंग कोणालाच नको.

मला खटकतो तो 2021 चा व्हिंटेज वाहनांचा नियम. पन्नास वर्षं उलटलेली गाडी त्यात व्हिंटेज ठरते, पण ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. 1974 च्या पद्मिनीही आता पन्नाशीपार गेल्या. त्यांतली जी बाळगून, झाकून ठेवली गेली, ती वारसा ठरेल. जिनं तीन इंजिनं पचवून एक संसार उभा केला, तिला त्या यादीत जागा नाही. श्रीमंताच्या पोर्चमधली गाडी इतिहास ठरते आणि राबलेली गाडी भंगार.

ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यानं ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली. तेव्हा टॅक्सीचालकांच्या संघटनेनं, निदान एक तरी टॅक्सी जतन करा, अशी मागणी केली होती. ती रास्त आहे. मात्र अशी गाडी जतन करताना तिला कारखान्यातून नुकती निघाल्यासारखी चकाचक करू नये, असं मला वाटतं. डिकीतला सिलिंडर, लेथवर कातलेली प्लेट, बॉनेटखाली तीनदा बदललेल्या वायरी, हे सगळं तसंच ठेवावं आणि शेजारी कोणतं इंजिन कधी, कशासाठी बसवलं ते लिहावं. तेलाचे भाव, गिरण्यांचा संप, न्यायालयाचे आदेश, सगळं तिच्या बॉनेटखाली वाचता येईल.