कोसीतला मासा आणि चेतापेशींची वाट

प्राणिशास्त्र शिकवताना झेब्राफिशची गोष्ट मी कायम कोसी नदीपासून सुरू करते. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२च्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टनने हा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा पट्टेरी मासा नोंदवला. पुढे तो शोभेच्या टाक्यांमधून जगभर गेला. ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं आणि १९८१ मध्ये त्याच्या क्लोनांवरचं काम प्रसिद्ध केलं.

त्याचा भ्रूण पारदर्शक असतो. जिवंत मेंदूत चेतापेशी सरकताना प्रत्यक्ष पाहता येते, आणि मला तरी याहून मोठं भाग्य माहीत नाही.

दुसरीकडे, पेशी एकमेकींना धरून कशा राहतात, हे जपानमध्ये मासातोशी ताकेइची शोधत होते. कॅल्शियम असेल तरच पकड घेणाऱ्या त्या प्रथिनांना १९८४ मध्ये ‘कॅडहेरिन’ नाव मिळालं.

मग पारदर्शक मासा आणि कॅडहेरिन हे दोन धागे एकत्र आले. २००९ मध्ये दिसलं की अनुमस्तिष्कातल्या कणपेशी साखळी करून, योग्य दिशेने जातात त्या कॅडहेरिन-२ मुळे. चेहऱ्याच्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशींची कथा मला अधिक विलक्षण वाटते. त्या पश्चमेंदूच्या चौथ्या खंडात जन्मतात आणि सहाव्याकडे निघतात. २०११च्या प्रयोगांत भोवतालच्या पेशींची आपसातली पकड सैल केली, तेव्हा या चेतापेशींचा प्रवास बिघडला. म्हणजे शेजारही घट्ट हवा.

शिक्षकमित्रांनो, मेंदूची आकृती फळ्यावर काढाल तेव्हा पेशींचा हा प्रवासही जरूर शिकवा.