विषाचा धाक

कुपीवर छापलेलं होतं की हे माणसांवर वापरायचं नाही. तरीही नोव्हेंबर २००४ मध्ये फ्लोरिडातल्या ओकलंड पार्क इथल्या एका दवाखान्यात त्यातलं बोटुलिनम विष चार जणांच्या चेहऱ्यांत टोचलं गेलं. सुरकुत्या घालवायला. टोचणाऱ्या डॉक्टरचा परवाना आधीच निलंबित झालेला होता आणि त्या चौघांत तो स्वतःही होता. प्रयोगशाळांना संशोधनासाठी विकलं जाणारं ते कच्चं विष, एका कुपीत १०० मायक्रोग्रॅम. पुढे तपास करणाऱ्यांनी हिशेब मांडला, तर एवढं विष सारखं वाटून टोचलं असतं तर चौदा हजारांवर माणसं मेली असती. चौघंही वाचली, पण कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर काढून. या विषात शुद्ध हरपत नाही. माणसाला सगळं ऐकू येतं, कळतं. फक्त पापणी उचलत नाही आणि छाती हलत नाही.

त्या डॉक्टरच्या लोभाचं मला फारसं नवल नाही. नवल वाटतं ते त्याने स्वतःलाही टोचून घेतलं याचं. म्हणजे त्याला भीतीच वाटली नव्हती.

मी डोळ्यांची डॉक्टर. सगळी प्रॅक्टिस पुण्यात झाली, आता निवृत्त आहे. बोटॉक्स म्हटलं की लोकांना नट्या आठवतात. मला आठवतात पापण्या बोटांनी उघड्या धरून ओपीडीत येणारे आजोबा. हे औषध आमच्या डोळ्यांच्या खोलीतून बाहेर पडलं आणि मग सौंदर्याच्या दुकानात गेलं, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी मानते. आणि मला बोलायचंय ते एवढंच, की लोक त्याला विष म्हणून बिचकत होते तोवर ते चांगल्या हातांत होतं.

विषाचं औषध करणं आपल्याला नवं नाही. बचनाग गोमूत्रात शोधून देणारे वैद्य आपल्याकडे होतेच. आम्ही डोळ्यांत घालतो ते ॲट्रोपिनही बेलाडोनासारख्या विषारी झाडांतलं. त्याच बेलाडोनाचा रस इटलीतल्या बायका बाहुल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून डोळ्यांत घालत. दिसायला बरं दिसावं म्हणून धूसर दिसणं पत्करायचं! पण बोटुलिनमइतकं जहाल दुसरं काही नाही, आणि त्याची पहिली नीट नोंद एका कवीने केली.

युस्टिनुस केर्नर हा जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गचा सरकारी डॉक्टर. नेपोलियनच्या लढायांनी तो मुलूख नागवला गेला होता, घरोघरी गरिबी, आणि रक्त-चरबी ठासून भरलेली जाड सॉसेजेस अर्धीकच्ची उकडून, धुरी देऊन महिनोन्महिने पुरवून खाल्ली जात. त्या लढायांच्याही आधी, १७९३ मध्ये, विल्डबाड गावात अशाच एका सॉसेजने तेरा जण आजारी पडले, त्यातले सहा दगावले. केर्नरने १८२० मध्ये अशा ७६ रोग्यांची हकिकत छापली आणि १८२२ मध्ये आकडा १५५ वर नेला. तोंड कोरडं, गिळता येत नाही, एकाच्या दोन वस्तू दिसतात, पापण्या गळतात, नाडी चालू, डोकं शाबूत. आजही बोटुलिझमचं वर्णन लिहायचं तर त्याच्यापुढे फारसं जाता येत नाही. नासक्या सॉसेजचा अर्क काढून त्याने प्राण्यांना दिला, आणि मग थोडा स्वतःच्या जिभेवर ठेवला. हा माणूस कविता करायचा, भुताखेतांत रमायचा, म्हातारपणी नजर गेल्यावर कागदावर शाईचे डाग पाडून त्यांत आकृत्या शोधत बसायचा. पण निरीक्षण बावनकशी. हे विष हवा नसलेल्या जागी तयार होतं, ते मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं, आणि अगदी कणभर दिलं तर अंगाला आचके देणाऱ्या रोगांवर त्याचं औषध होऊ शकेल, हे सगळं त्याने त्या काळात लिहून ठेवलं. जंतू ही कल्पनाच अजून कुणाच्या डोक्यात नीट आलेली नव्हती.

जंतू सापडला तो १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलझेल गावी. एका मयताला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेला हॅम खाल्ला; तिघे गेले. गेंटचे प्राध्यापक एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्या हॅममधून जंतू वेगळा काढला. दुसऱ्या महायुद्धात हेच विष शस्त्र म्हणून वापरता येईल का, यावर अमेरिकेत कॅम्प डेट्रिकला काम झालं. तिथेच एडवर्ड शान्ट्झ यांच्यासारख्या माणसांनी ते शुद्ध करण्याची हातोटी मिळवली. युद्धासाठी साठवलेली ती विद्या डोळ्यांच्या दवाखान्यात कशी आली, ते मला जास्त जवळचं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांना तिरळे डोळे चाकूशिवाय सरळ करायचे होते. तिरळेपणात एक स्नायू जास्त ओढतो. त्याला काही महिने ढिला पाडता आला तर? त्यांनी बरीच रसायनं करून पाहिली, कुठलंच धड नव्हतं. मग शान्ट्झकडून हे विष मागवलं. माकडांवरचे निष्कर्ष १९७३ मध्ये छापले आणि १९७७ पासून माणसांवर वापर सुरू केला. मात्रा इतकी बारीक की ती वजनात मोजायची सोयच नाही, उंदरांवर मोजतात: टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे मरतील तेवढ्या मात्रेला एक युनिट. बोटॉक्सच्या शंभर युनिटांच्या कुपीत सुमारे पाच नॅनोग्रॅम विष असतं. म्हणजे एका ग्रॅमात वीस कोटी कुप्या.

स्कॉट यांच्या औषधाचा सगळ्यात मोठा फायदा तिरळ्या मुलांना झाला नाही. तो झाला ब्लेफॅरोस्पाझमच्या रोग्यांना. यात डोळे ठणठणीत असतात, पण पापण्या आपोआप घट्ट मिटतात. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, कढईत फोडणी घालताना. १९८६ मध्ये स्कॉट यांच्या छोट्या कंपनीला विमा मिळेना आणि पुरवठा बंद पडला, तेव्हा चार महिने अमेरिकेतले असे रोगी इंजेक्शनसाठी कॅनडाला जात होते. १९८९ च्या शेवटी सरकारी मान्यता मिळाली, पुढे ॲलर्गन कंपनीने हे औषध विकत घेतलं आणि त्याला बोटॉक्स हे नाव लागलं.

मी ते पहिल्यांदा हाताळलं तेव्हाची कुपी अजून डोळ्यांपुढे आहे. फ्रीजमधून काढली की रिकामीच वाटते. उजेडात तिरकी धरली तर तळाशी आरशावर श्वास टाकल्यासारखा पुसट थर दिसतो. सुई बुचातून आत गेली की सिरिंजमधलं सलाइन आपणहून आत ओढलं जायला हवं, कारण कुपीत निर्वात असतो. ओढलं गेलं नाही तर कुपी टाकून द्यायची, कितीही महाग असली तरी. जोराने हलवायची नाही, फेस येऊ द्यायचा नाही. सलाइन किती घातलं ते लेबलवर लिहायचं. आमच्या थिएटरमधल्या सिस्टरबाई वापरलेल्या सिरिंजा मोजून घ्यायच्या आणि मोजून टाकायच्या. विष आहे बाई ते, म्हणायच्या. मला तेव्हा जरा अति वाटायचं. तीन-चार दिवसांनी आजोबा पुन्हा यायचे ते डोळे उघडे ठेवून, हात खिशात घालून. तीन-चार महिन्यांनी पुन्हा हात पापणीवर. कधी एखाद्याची पापणी थोडी लोंबायची, कधी दोन दोन दिसायचं. काही आठवड्यांत उतरायचं.

आता सुरकुत्यांकडे येते. व्हँकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्स डोळ्यांच्या डॉक्टर, स्कॉट यांच्याकडे शिकून आलेल्या. १९८७ च्या सुमारास त्यांच्या ब्लेफॅरोस्पाझमच्या एका रुग्णबाई रागावल्या, की या वेळी भुवयांच्या मध्ये का टोचलं नाहीत? तिथे टोचल्यावर आपला चेहरा कसा निवांत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. जीन यांचे पती ॲलस्टेअर त्वचेचे डॉक्टर, आणि कपाळावरच्या आठ्यांवर काय करावं या विवंचनेतले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रिसेप्शनिस्टच्या कपाळात इंजेक्शन गेलं. जीन यांनी स्वतःलाही टोचून घेतलं, पण वर्षानुवर्षं रोग्यांत वापरून झाल्यावर, मात्रा पुरती ओळखीची असताना. फ्लोरिडाच्या त्या डॉक्टरात आणि यांच्यात फरक असेल तर एवढाच.

त्यानंतर जे झालं ते मला फार बोलकं वाटतं. लोक येईचनात! जगातलं सगळ्यात जहाल विष चेहऱ्यावर? भल्या भल्या सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं. पाच वर्षं गेली तरी १९९२ च्या त्यांच्या लेखात रोगी होते जेमतेम अठरा. हा सगळा काळ दोघं नवरा-बायको कुठे किती थेंब टोचायचे, कुठला स्नायू सोडायचा, पापणी का पडते, याचा अभ्यास करत होते. लोकांच्या भीतीने त्यांना सवड दिली.

उलट उदाहरण हवं असेल तर पॅराफिनचं घ्या. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये पॅराफिन टोचायला सुरुवात केली आणि बघता बघता ते बसक्या नाकांत आणि सुरकुत्यांत जायला लागलं. मेण ते, त्याला कोण घाबरणार? ग्लॅडिस डीकन ही तिच्या काळातली नावाजलेली सुंदरी, पुढे मार्लबरोची डचेस झालेली. १९०३ मध्ये, बावीस वर्षांची असताना, तिने नाकाचा पूल ग्रीक पुतळ्यासारखा सरळ व्हावा म्हणून मेण टोचून घेतलं. ते घसरत हनुवटीपर्यंत उतरलं. कित्येकांच्या चेहऱ्यात गाठी झाल्या, कातडी सडली. विष चार महिन्यांत आपणहून उतरतं, मेण जन्माला पुरतं.

१५ एप्रिल २००२ ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधल्या उभ्या रेघांसाठी बोटॉक्सला मान्यता दिली आणि भीतीचं दार निखळलं. दिवाणखान्यात मैत्रिणी जमायच्या, वाइन असायची, डॉक्टर सिरिंजा घेऊन यायचा. हळदीकुंकवाला वाण लुटावं तशी इंजेक्शनं. रेघांसाठी लागतात वीस युनिटं, आणि जीव जाण्याची मात्रा अंदाजे तीन हजारांच्या घरातली. अंतर एवढं मोठं, की लोकांनी त्याला विष म्हणणं सोडलं यात त्यांचा दोष कसा काढावा? २००९ मध्ये औषधावर काळ्या चौकटीतला इशारा आला, की विषाचा परिणाम टोचल्या जागेपासून दूर पसरू शकतो. त्यामागच्या गंभीर घटना बहुतेक सेरेब्रल पाल्सीच्या लहान मुलांच्या, पायांच्या आखडलेल्या स्नायूंत मोठ्या मात्रा घेतलेल्या. कपाळाच्या आठ्यांचा त्यात संबंध नव्हता, आणि पार्लरमधल्या कुणी ती चौकट वाचली असेल असं मला वाटत नाही.

मग जे आलं ते औषधाचं नव्हे, बाजाराचं. २०२३ मध्ये वजन कमी करायला तुर्कस्तानात जठरात बोटुलिनम टोचून घेतलेले युरोपातले डझनावारी लोक बोटुलिझमने आजारी पडले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अकरा राज्यांत २२ बायका बनावट किंवा अप्रशिक्षित हाताच्या इंजेक्शनांनी बाधल्या, त्यातल्या अकरा रुग्णालयात. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ३८ जण. त्याच इंग्लंडने ऑक्टोबर २०२१ पासून अठराखालच्या मुलामुलींना ही इंजेक्शनं देणं गुन्हा ठरवलं होतं, म्हणजे धाक तिथे कायद्यात होता. बेकायदा बाटलीला मात्र तो कोण घालणार? उतारा आहे, घोड्याच्या रक्तातून काढलेला. पण तो रक्तात फिरणारं विष अडवतो. मज्जातंतूत शिरलेलं सोडवत नाही. तिथे नवे धागे फुटेपर्यंत वाट बघावी लागते.

गेल्या दिवाळीत भाची आली होती. तिच्या पार्लरमध्ये अर्ध्या दरात होतंय म्हणे.

‘सगळेच घेतात गं मावशी, त्यात काय एवढं?’

मी म्हटलं, ‘घे की. पण टोचणारा डॉक्टर आहे का ते विचार. कुपी तुझ्यासमोर फोडतील का? सलाइन आपोआप आत ओढलं जातं का ते बघ. आणि चार दिवसांनी गिळताना ठसका लागला तर फोन कुणाला करायचा, तेही विचारून ये.’

तिने जाऊन विचारलं. कुपी आम्ही आधीच कालवून ठेवतो, असं उत्तर आलं, आणि असले प्रश्न कुणी विचारत नाही, हेही. मग मी तिला माझ्या ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी अर्धा तास इतिहास विचारला, गरोदर नाहीस ना, स्नायूंचा काही आजार नाही ना, आणि मोजून वीस युनिटं दिली. पैसे दुप्पट गेले, त्याबद्दल ती अजून कुरकुरते. आमच्या जावईबापूंची तक्रार वेगळीच आहे: ही आता रागावली तरी कपाळावरून कळत नाही.