भिंत कोणासाठी? खिओस बेटावरची मस्तगीची गावं

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं की, ग्रीक बेटावरची गावं म्हणजे ती पांढरी घरं आणि निळे घुमट, तेच ना? नाही. ती कॅलेंडरवरची बेटं वेगळी. आज आपण खिओसला जाणार आहोत. इंग्रजी नकाशावर ते नाव तुम्ही 'चिओस' असं वाचाल. एजियन समुद्राच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर हे बेट आहे.

सुरुवात मात्र मी आपल्याकडच्या एका पुडीपासून करतो. काष्ठौषधीच्या जुन्या दुकानात जाऊन 'रुमी मस्तगी' मागा. काही जण 'मस्तकी' म्हणतात. दुकानदार फिकट पिवळसर, काचेसारखे दिसणारे छोटे खडे देतो. युनानी औषधांत ते पोटासाठी वापरतात. आता हे 'रुमी' कुठून आलं? रूम म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, कॉन्स्टँटिनोपलचं राज्य. म्हणजे आपल्या वैद्य-हकिमांनी मालाच्या नावातच त्याचा पत्ता लिहून ठेवला होता. आणि खरी, उत्तम मस्तगी शेकडो वर्षं एकाच ठिकाणाहून येत होती. ते ठिकाण म्हणजे खिओसचा दक्षिण भाग. तुर्की भाषेत या बेटाचं नावच 'साकीझ' आहे, म्हणजे चघळायचा डिंक.

झाड साधंच आहे. पिस्त्याच्या कुळातलं, माणसापेक्षा थोडं उंच, वेडंवाकडं झुडूप. या जातीची झुडपं भूमध्य समुद्राच्या काठी सगळीकडे आहेत. पण धंदा करता येईल इतका आणि अशा प्रतीचा डिंक देणारा वाण टिकला तो दक्षिण खिओसमध्येच. जून महिन्यात झाडाखालची जमीन झाडून, चोपून सपाट करतात आणि तिच्यावर पांढरी चुनखडीची माती पसरतात. जुलैपासून सालीवर बारीक चिरा द्यायच्या. या कामाला तिथले लोक 'केंदिमा' म्हणतात, म्हणजे भरतकाम. थेंब ओघळतो, पांढऱ्या मातीवर पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतो. मग गोळा करायचा, आणि हिवाळ्यात घरात बसून एकेक खडा सुरीने साफ करायचा. हे साफसफाईचं काम मुख्यतः बायकांचं. लावलेल्या झाडाने डिंक द्यायला पाच-सहा वर्षं जातात, आणि मग वर्षाला एका झाडाला पाव किलोसुद्धा मिळत नाही.

झाड का रडतं याची तिथे एक कथा आहे. इसवी सन २५१ च्या सुमाराला संत इसिदोर याला श्रद्धेपायी या बेटावर ठार मारलं गेलं आणि तेव्हापासून झाडं अश्रू ढाळू लागली, असं सांगतात. म्हणून खड्यांना आजही 'अश्रू' म्हणतात. कथा भक्तांची आहे, पण पुढचा इतिहास पाहिला की शब्द अगदीच चुकीचा वाटत नाही.

आता गावांकडे येऊ. पडद्यावर मेस्ता या गावाचं वरून घेतलेलं छायाचित्र आहे. तुम्हाला रस्ते दिसतायत का? नाही दिसत. नुसती छपरं दिसतात, एकमेकांना चिकटलेली, जवळजवळ एकाच उंचीची. दक्षिण खिओसमधली वीसेक गावं कमी-जास्त फरकाने याच साच्यातली आहेत. त्यांतली मेस्ता, पिर्गी आणि ओलिंपी ही तीन आज सर्वांत चांगली टिकून आहेत.

साचा असा. गावाच्या कडेची सगळी घरं पाठीला पाठ नव्हे, तर खांद्याला खांदा लावून उभी. त्यांच्या मागच्या भिंती जोडून तयार होतं ते गावकूस. वेगळा तट बांधलेलाच नाही. या भिंतींना बाहेरच्या बाजूला ना दार ना खिडकी. कोपऱ्यांवर गोल बुरूज. आत यायला मोजक्या वेशी, आणि रात्री त्या बंद. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की लादलेलं गाढव आलं तर माणसाने भिंतीला चिकटायचं. त्याही सरळ नाहीत. वळतात, फुटतात, मध्येच संपतात. वर कमानी आहेत, त्या घराला घर टेकवून धरतात, कारण हा भूकंपाचा मुलूख आहे. घराच्या तळमजल्यावर जनावरं आणि कोठार, वरच्या मजल्यावर माणसं. आणि सगळ्याच्या मध्यभागी एक उंच चौकोनी बुरूज. वेस फुटलीच तर लोकांनी छपरांवरून धावत जाऊन त्या बुरुजात शिरायचं.

गावकूस, वेस, बुरूज, हे शब्द आपल्याला परके नाहीत. आपल्याकडच्या गढ्या आठवतील. आणि असं गाव पाहिलं की आपण लगेच म्हणतो, चाच्यांच्या भीतीने बांधलं असणार. ते खरंच आहे. मध्ययुगातल्या एजियन समुद्रात चाचे ही रोजची गोष्ट होती. पण मला आज तुमच्यासमोर प्रश्न ठेवायचा आहे तो एवढाच की, ही भिंत फक्त बाहेरच्यांना अडवायला होती का?

त्यासाठी बांधणारे कोण ते बघावं लागेल. १३४६ मध्ये सिमोने विन्योझो नावाचा जेनोआचा दर्यासारंग २९ गलबतं घेऊन आला आणि त्याने बेट बिझंटाइन साम्राज्याकडून जिंकलं. गंमत अशी की ही गलबतं सरकारच्या पैशाची नव्हती. जहाजमालकांनी आपापली रक्कम घातली होती. जेनोआच्या तिजोरीत ती परत द्यायला पैसे नव्हते, तेव्हा शहराने सांगितलं की बेटाचं उत्पन्न तुम्ही घ्या. त्या भागीदारांच्या मंडळाला 'माओना' म्हणतात. पुढे भागीदारांनी जुस्तिनियानी हे एकच आडनाव घेतलं आणि १५६६ पर्यंत, म्हणजे दोनशे वीस वर्षं, बेट चालवलं. आपल्याला 'कंपनी सरकार' म्हटलं की ईस्ट इंडिया कंपनी आठवते. ती १६०० मधली. तिच्या अडीचशे वर्षं आधी खिओसवर कंपनी सरकार होतं, आणि त्या कंपनीचा सर्वांत मोलाचा माल होता हा डिंक.

मक्तेदारीचा धंदा कसा चालतो? माल एकाच हातात यायला हवा, आणि भाव पडू नये म्हणून तो बेतानेच बाजारात यायला हवा. मस्तगी तर हलकी, लहान आणि महाग. मूठभर खिशात घालून नेता येते. म्हणून चोरट्या विक्रीला शिक्षा फार कडक होत्या. किती डिंक सापडला यावर शिक्षा ठरायची. थोड्याला डागणी, जास्त असेल तर नाक-कान, आणि फार मोठी चोरी असेल तर फाशी.

आता तीच भिंत पुन्हा बघा. बाहेरच्या बाजूला दार नाही, म्हणजे चाच्याला आत येता येत नाही. पण घरातल्या माणसालाही मागच्या दाराने शेतात जाता येत नाही, गुपचूप माल किनाऱ्यावर नेता येत नाही. येणं-जाणं मोजक्या वेशींतून. कोण गेलं, कोण आलं, पोत्यात काय होतं, हे एक पहारेकरी सांगू शकतो. विखुरलेली वस्ती एकत्र आणायची आणि एका कुसात बसवायची, यात संरक्षण आणि हिशेब दोन्ही साधतं. मी असं म्हणत नाही की हा तुरुंग होता. चाचे खरे होते आणि भिंतीने माणसं वाचवली. पण ज्या भिंतीने माणसं वाचवली तिनेच ती मोजलीसुद्धा. या गावांना आपण 'पारंपरिक' म्हणतो तेव्हा यातली फक्त पहिली बाजू डोळ्यांसमोर असते.

या मालाची कीर्ती किती होती पाहा. कोलंबसाने पहिल्या सफरीनंतर १४९३ मध्ये जे प्रसिद्ध पत्र लिहिलं, त्यात नव्या मुलखातून काय काय मिळेल याची यादी आहे. त्यात मस्तगी आहे, आणि आजवर ती फक्त खिओसवर मिळत होती असाही उल्लेख आहे. त्याचा अंदाज चुकला, तिकडे मस्तगी नव्हती. पण सोनं, मसाले यांच्या पंगतीत हा डिंक बसलेला होता हे त्यातून कळतं.

१५६६ मध्ये पियाले पाशाच्या आरमाराने बेट घेतलं आणि ऑटोमन सत्ता आली. व्यवस्था मात्र मोडली नाही, मालक बदलला. मस्तगीच्या गावांचा कारभार बाकी बेटापासून वेगळा ठेवला गेला, कर म्हणून डिंकच घेतला जाई, आणि तो इस्तंबूलच्या राजवाड्यात जाई. जनानखान्यात मस्तगी चघळायची चाल होती. त्या बदल्यात गावांना काही सवलती मिळाल्या.

सवलतीची किंमत आणि तिची मर्यादा, दोन्ही १८२२ मध्ये दिसली. ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. शेजारच्या सामोस बेटावरून काही लढवय्ये खिओसवर उतरले, आणि त्याचं उत्तर म्हणून ऑटोमन आरमाराने एप्रिलमध्ये बेटावर कत्तल केली. हजारो माणसं मारली गेली आणि हजारो गुलाम म्हणून विकली गेली. युरोप हादरला. दलाक्रवाने काढलेलं त्या कत्तलीचं मोठं चित्र १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. आज ते लूव्रमध्ये आहे.

या पहिल्या लाटेत मस्तगीची गावं बरीचशी वगळली गेली, कारण तो राजवाड्याचा माल होता. झाडं जगवायची तर ती चिरणारे हातही जगवायला हवेत. पण जूनमध्ये कानारिस या ग्रीक दर्यावर्द्याने ऑटोमन आरमाराचं मुख्य जहाज पेटवून दिलं, सरदार कारा अली मारला गेला, आणि सूडाची दुसरी लाट दक्षिणेकडच्या गावांवरही आली. म्हणजे उपयोगी असणं हे संरक्षण होतं, पण मालकाचा राग अनावर होईपर्यंतच.

याच्या शेजारी दुसरं एक गाव ठेवून बघा, अनावातोस. हे मस्तगीचं गाव नव्हे. बेटाच्या मध्यभागी, सुळक्याच्या टोकावर, तिन्ही बाजूंना कडा. आपल्या डोंगरी किल्ल्यासारखं. किल्ला म्हणून मेस्तापेक्षा किती तरी अवघड. १८२२ मध्ये तिथे कत्तल झाली, आणि शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं स्थानिक परंपरा सांगते. १८८१ च्या मोठ्या भूकंपाने उरलंसुरलं पडलं. आज ते जवळजवळ ओस आहे. कड्याने गाव वाचलं नाही. डिंकाच्या गावांत मात्र आजही चूल पेटते.

तिसरा प्रकार शहरातल्या व्यापाऱ्यांचा. मुंबई-कलकत्त्याच्या कापूस आणि तागाच्या बाजारात गाजलेली रॅली ब्रदर्स ही पेढी अशाच एका खिओसच्या घराण्याची. अशा घराण्यांची माणसं लंडन, मार्सेय, मुंबईपर्यंत पसरली. व्यापाऱ्याला पेढी हलवता येते. झाड असलेल्या शेतकऱ्याला झाड हलवता येत नाही.

नोव्हेंबर १९१२ मध्ये बेट ग्रीसकडे आलं. तरी शेतकऱ्याचा प्रश्न सुटला नाही, कारण आता भाव व्यापाऱ्यांच्या हातात होता. १९३८ मध्ये कायद्याने उत्पादकांची सहकारी संघटना स्थापन झाली. सगळ्या गावांचा डिंक तिच्याकडेच जायचा. जरा विचार करा, माल पुन्हा एकाच हातात! जेनोआच्या माओनाने जे केलं तेच. फरक एवढाच की हा हात चिरा देणाऱ्यांचा होता. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यातलं बळ कळेल, आणि यातल्या अडचणीही कळतील. माझ्या मते या गावांच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच.

गावांनीही आपला जुना साचा थोडा मोडला. मेस्ताचा मधला बुरूज पाडून एकोणिसाव्या शतकात तिथे मोठं चर्च उभं राहिलं. जिथे शेवटचा आसरा होता तिथे आता चौक आहे, खुर्च्या मांडलेल्या असतात. पिर्गीत घरांच्या दर्शनी भिंतींवर काळ्या वाळूच्या गिलाव्यावर चुना देतात, आणि तो ओला असताना खरवडून त्रिकोण, चौकटी, वर्तुळं काढतात. ही कला जेनोआच्या काळापासूनची मानतात. आज दिसणाऱ्या अनेक भिंती मात्र बऱ्याच अलीकडच्या आहेत. लक्षात घ्या, ही सगळी नक्षी गल्लीकडे आणि चौकाकडे तोंड करून आहे. गावकुसाची बाहेरची भिंत कोरीच.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. याच बेटावरचा निआ मोनी हा मठ १९९० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, वास्तू म्हणून. मस्तगीच्या गावांना २०१४ मध्ये जो मान मिळाला तो भिंतींना नव्हे. तो मिळाला मस्तगी पिकवण्याच्या ज्ञानाला. ऑगस्ट २०१२ च्या वणव्यात या भागातली हजारो झाडं जळाली होती. भिंतींना त्या आगीने फारसं काही केलं नसतं. पण झाडं गेली आणि चिरा द्यायला कोणी उरलं नाही, तर मेस्ता आणि अनावातोस यांत फरक राहणार नाही. लोकांनी पुन्हा रोपं लावली, पाच-सहा वर्षं वाट पाहायची तयारी ठेवून.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात रुमी मस्तगीची पुडी हातात आली, तर एक खडा उजेडात धरून बघा. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.