दोन भाषांचं मेडिकल कॉलेज आणि हैमवती

डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकींना ठाऊक आहे. नवऱ्याची पोस्टातली नोकरी बंगालमध्ये होती, म्हणून 1883 साली त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला गेल्या. त्याच कलकत्त्यात दुसरी एक बाई डॉक्टर झाली, तीही बोटीत न बसता, आपल्याच भाषेत शिकून. आज तिच्याविषयी बोलू.

आधी तिथल्या कॉलेजाची हकीकत सांगतो. 1822 साली इंग्रज सरकारने कलकत्त्यात एक वैद्यकशाळा काढली. तिथे देशी भाषांत शिकवत. 1835 साली ती बंद केली आणि मेडिकल कॉलेज उघडलं. तिथे सगळं इंग्रजीतून. आपल्या मुंबईतही तसंच घडलं. 1826 साली निघालेल्या शाळेत मराठी आणि गुजरातीतूनही वैद्यक शिकवत. ती 1832 साली बंद पडली, आणि 1845 साली आलं ते इंग्रजीतलं ग्रँट मेडिकल कॉलेज.

पण नुसत्या इंग्रजीने काम भागेना. पलटणींना आणि गावोगावच्या दवाखान्यांना माणसं हवी होती. म्हणून कलकत्त्याच्या त्याच कॉलेजात 1839 साली हिंदुस्थानी भाषेचा आणि 1852 साली बंगालीचा वर्ग निघाला. एका छपराखाली दोन रांगा झाल्या. इंग्रजी रांगेतून बाहेर पडणारा मोठा डॉक्टर, त्याचा पगार आणि मान मोठा. बंगाली रांगेतला हाताखालचा. पुढे 1873 साली बंगाली वर्ग सियालदहला हलवला. ती कॅम्पबेल मेडिकल स्कूल.

बायकांसाठी मेडिकल कॉलेजचं दार 1883 साली उघडलं, आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षी. कादंबिनी गांगुली तिथे शिकल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. पण त्या आधीच इंग्रजी शिकून पदवीधर झालेल्या होत्या. अशा बायका त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांनी काय करावं? 1888 साली कॅम्पबेल शाळेने बायकांना प्रवेश दिला, तेव्हा ज्यांना फक्त बंगाली येत होतं, त्यांनाही वाट मिळाली.

त्या वाटेने आली हैमवती सेन. खुलना भागातली, 1866 च्या सुमारास जन्मलेली. लहानपणी मुलग्यांचे धडे चालत, तिथे बसून ती ऐकून ऐकून शिकली. साडेनऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. नवरा पंचेचाळीस वर्षांचा. वर्षभरातच कपाळ पांढरं झालं. माहेर-सासरचा आधार तुटत गेला. ती काशीला गेली, तिथे शाळेत शिकवलं, मग कलकत्त्याला आली. ब्राह्मसमाजातल्या लोकांच्या ओळखीतून तिचा पुनर्विवाह झाला. नव्या नवऱ्याची कमाई धड नव्हती. मग संसार सांभाळत हैमवतीने कॅम्पबेलमध्ये नाव घातलं.

1894 साली परीक्षा झाली. हैमवती पहिली आली. सुवर्णपदक तिचं ठरलं. पण मुलगे खवळले. बाईला पदक कसं, म्हणून त्यांनी वर्गावर बहिष्कार घातला. शेवटी तडजोड झाली. हैमवतीने रौप्यपदक आणि दरमहा काही रकमेची मदत पत्करली. मैत्रिणींनो, पहिली येऊन दुसऱ्या नंबरचं पदक घेताना तिला काय वाटलं असेल, ते आपण ओळखू शकतो. पण तिला पदकापेक्षा काम हवं होतं, घर चालवायचं होतं.

पुढे हुगळीच्या बाजूला चिनसुरा इथल्या डफरीन जनाना दवाखान्यात ती डॉक्टरीणबाई झाली. तिथेही तिच्या डोक्यावर पुरुष डॉक्टर होताच. परवाना बंगाली वर्गाचा, म्हणून हुद्दाही खालचा. पण परक्या पुरुषाला नाडी दाखवायला न धजणाऱ्या बायका तिच्याशी आपल्या बोलीत बोलू शकत होत्या. अडलेली बाळंतीण बोलली नाही, तर डॉक्टरला कळणार काय? अनाथ मुलंही तिने पदरात घेतली. स्वतःची सगळी हकीकत तिने बंगालीत वहीत लिहून ठेवली. 1933 साली ती वारली. वही बरीच वर्षं घरातच राहिली आणि पुढे इंग्रजीत छापली गेली. म्हणून आज आम्हाला ती सांगता येते.

ही गोष्ट आम्ही निवडली, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. आपल्या भाषेचा वर्ग नसता, तर हैमवती डॉक्टर झालीच नसती. आणि त्याच वर्गावर 'खालचा' असा शिक्का होता, म्हणून पहिली येऊनही तिला खालची पायरी मिळाली. दोष भाषेचा नव्हता. तिला खालची ठरवणाऱ्यांचा होता.

आजही दवाखान्यात डॉक्टर भराभर इंग्रजी शब्द बोलतात आणि आपण मान डोलावून बाहेर येतो. पुढच्या वेळी गटातल्या कुणाला सोबत न्या. आणि न लाजता म्हणा, "डॉक्टर, आम्हाला मराठीत नीट सांगा." विचारणारी बाई अडाणी नसते.