सत्र तुटले, संदेश अडकला, पुढे काय?

एटीएमसमोर उभे असताना खात्यातून रक्कम वजा झाल्याचा 'एसएमएस' यावा आणि नोटा मात्र हाती पडू नयेत, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपणहून परत जमा करावी आणि त्यापुढील विलंबासाठी ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मधील परिपत्रकाद्वारे बँकांना बंधनकारक केले. या नियमामागे संगणकविश्वातील एक जुनाच पेच आहे. दोन यंत्रांमधील संपर्क मध्येच तुटला, तर वाटेत असलेल्या संदेशाचे काय झाले हे ठरवायचे कसे? तो पोहोचला नसेल आणि पुन्हा पाठवला नाही, तर व्यवहार बुडतो. पोहोचला असेल आणि पुन्हा पाठवला, तर तोच व्यवहार दोनदा होतो.

मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांचा डोलारा ज्यांच्यावर उभा राहिला, त्या मेनफ्रेम संगणकांच्या जगाने या पेचाचा विचार फार पूर्वी आणि मोठ्या शिस्तीने केला. 'आयबीएम'ने १९७४ मध्ये 'सिस्टिम्स नेटवर्क आर्किटेक्चर' म्हणजेच 'एसएनए' ही संपर्करचना जाहीर केली. तीत दोन टोकांमधील संभाषणाला 'सेशन' म्हणजे सत्र म्हटले जाते. सत्रातील जाणाऱ्या आणि येणाऱ्या संदेशांना वेगवेगळे अनुक्रमांक मिळतात. सरकारी कचेरीतील आवक-जावक नोंदवही डोळ्यांसमोर आणली, की ही व्यवस्था सहज उमगते. फरक इतकाच, की येथे क्रमांक ६५,५३५ पर्यंत गेला की मोजणी पुन्हा सुरुवातीपासून चालू होते.

मेनफ्रेमच्या बाजूला संदेश सांभाळण्याचे काम 'आयएमएस'सारखी प्रणाली करते. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची जंत्री ठेवण्यासाठी जन्मलेली ही प्रणाली १९६८ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली आणि आजही वापरात आहे. बाहेर जाणारा महत्त्वाचा संदेश ती रांगेत ठेवते आणि पलीकडून पोच मिळेपर्यंत रांगेतून काढत नाही. रजिस्टर्ड पत्राची पोचपावती हाती येईपर्यंत स्थळप्रत जपून ठेवावी, तसाच हा प्रकार होय.

समजा, मेनफ्रेमने बँकेच्या शाखेतील नियंत्रक यंत्राला ४१२ क्रमांकाचा संदेश धाडला आणि पोच येण्यापूर्वीच तार तुटली. सत्र पुन्हा जोडताना नवे काम लगेच सुरू होत नाही. आधी मेनफ्रेम एक विशेष आज्ञा पाठवते. क्रमांक ठरवणे आणि तपासणे असा तिचा अर्थ असून 'एसटीएसएन' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. 'मी ४१२ पर्यंत पाठवले आणि तुमच्याकडून ८७ पर्यंत मिळाले. तुमची नोंद काय सांगते?' असा तिचा आशय असतो. शाखेने ४१२ मिळाल्याचे सांगितले, तर हरवली ती केवळ पोच. संदेश रांगेतून काढला जातो. शाखेची नोंद ४११ वर थांबली असेल, तर ४१२ पुन्हा रवाना होतो. शाखेने ८८ वा संदेश पाठवला असेल, तर तो पुन्हा पाठवण्याची जबाबदारी शाखेची. हिशेब जुळल्यानंतरच दोन्ही बाजूंनी वाहतूक खुली होते. अर्थात ही सोय आपली नोंद जपू शकणाऱ्या यंत्रांनाच लाभते. साध्या पडद्या-कळफलकाच्या टर्मिनलकडून अशी अपेक्षा करता येत नाही.

तार तुटण्याऐवजी मेनफ्रेमवरील प्रणालीच कोसळली तर? येथे 'लॉग' धावून येतो. प्रत्येक संदेशाची नोंद लॉगमध्ये होत असते आणि ठरावीक अंतराने 'चेकपॉइंट' घेतला जातो. आपत्कालीन पुनरारंभात या दोहोंच्या आधारे रांगा पुन्हा उभ्या केल्या जातात. अर्धवट राहिलेला व्यवहार मागे फिरवला जातो, त्याचे न पाठवलेले उत्तर टाकून दिले जाते आणि मूळ संदेश पुन्हा रांगेत ठेवून नव्याने हाताळला जातो. सगळेच संदेश वाचवण्याचा हट्ट मात्र नसतो. केवळ शिल्लक विचारणारा संदेश तासाभराने जिवंत करून कोणाचे भले होणार? अशा चौकशीच्या व्यवहारांना 'पुनर्प्राप्ती नको' असे आधीच नोंदवून ठेवता येते.

खरा धोका घाईत आहे. पुनरारंभ रखडला, की 'कोल्ड स्टार्ट' करून मोकळे होण्याचा मोह अनावर होतो. यंत्रणा तत्काळ उभी राहते, पडदे उजळतात. परंतु जुन्या रांगा पुसल्या जातात आणि त्यांतील संदेशही त्यांच्यासोबत जातात. कोणाची रक्कम अडकली याचा शोध मग दोन्हीकडील कागदपत्रे ताडून घ्यावा लागतो. पुण्या-मुंबईत बसून परदेशी बँकांच्या मेनफ्रेमची रात्रपाळी सांभाळणाऱ्या अभियंत्यांपुढेही हाच मोह उभा राहतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

१९९३ मध्ये आलेल्या 'एमक्यूसिरीज'ने, म्हणजे आजच्या 'आयबीएम एमक्यू'ने, हीच शिस्त निराळ्या रूपात पुढे चालवली. येथे 'पर्सिस्टंट' ठरवलेले संदेश लॉगमध्ये नोंदले जातात व पुनरारंभानंतर टिकतात. इतर संदेश टिकत नाहीत. वाहिनीवरून संदेश गठ्ठ्यांनी जातात. विशेष सूचना नसल्यास एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त ५० संदेश असतात. गठ्ठा गेला, पण त्याची खातरजमा येण्यापूर्वी संपर्क तुटला, तर पाठवणारी बाजू 'इन-डाउट' म्हणजे संशयावस्थेत राहते. पुन्हा जोडणी होताच दोन्ही टोके बहुधा आपसांत निवाडा करतात. पलीकडची यंत्रणा नष्ट झाली असेल किंवा बदलली असेल, तर मात्र निवाडा माणसाला करावा लागतो. पाठवणाऱ्याच्या चालू गठ्ठ्याची ओळखखूण आणि घेणाऱ्याने शेवटी पक्क्या केलेल्या गठ्ठ्याची ओळखखूण ताडून पाहायची. दोन्ही एकच असतील, तर संदेश पोहोचले असे मानून 'कमिट' करायचे. वेगळ्या असतील, तर 'बॅकआउट' करून ते रांगेत परत घ्यायचे. वाहिनीचा अनुक्रमांक नव्याने लावणारी 'रिसेट'ची आज्ञा द्यायची ती त्यानंतरच.